भट्टीच्या खोलीची खिडकी

माझ्या माहेरी, शिरूरला, भट्टी चिंचेखाली होती. चारी बाजूंनी उघडं, पावसापुरता एक पत्र्याचा आडोसा. धूर कुठून जाणार हा प्रश्न तिथं कुणाला पडला नाही, कारण तो कुठूनही जायचा. माझे वडील असे उघड्यावर बसून घण घालतात याची सोयरिकीच्या बैठकीत सासरच्या मंडळींना जरा दया आली. दौंडला आमचा कारखाना आहे, बंदिस्त, असं माझे होणारे सासरे म्हणाले. त्यातला ‘बंदिस्त’ हा शब्द ते फार चवीनं उच्चारत. नांदायला आल्यावर पहिल्याच सकाळी त्या शब्दाचा अर्थ माझ्या नाकात शिरला.

कारखाना म्हणजे घराला चिकटून बांधलेली एक खोली. पक्क्या विटा, वर पत्रे, दक्षिणेला रस्त्याकडं एक दार. खिडकी नाही, झरोका नाही. पत्रे भिंतीवर टेकतात तिथं थोडी फट राहते, तीसुद्धा मामंजींनी चुन्यानं बुजवून घेतली होती. दौंड मोठं जंक्शन. वजनाला किलो नुकताच आला होता, रेल्वे कॉलनीत विजेचे दिवे लागत होते, आणि आमच्या कारखान्यात भर दुपारी ऐरण शोधायला हात पुढं करून चालावं लागे. स्टेशनावरच्या इंजिनांचा धूर सगळ्या गावाला पुरून उरायचा. तरी आम्ही आमचा वेगळा काढत होतो.

अंधाराला कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. लोखंड किती तापलं हे लोहार रंगावरून ओळखतो. लाल, मग नारिंगी, मग पिवळं, आणि त्यापुढं गेलं की संपलं. उन्हात हा रंग फसवतो, तापलेलं लोखंडही काळं दिसतं. त्यामुळं भट्टीवर सावली लागते, हे माझे वडीलही मानत. पण चिंचेची सावली त्यांना पुरत होती. मामंजींना तळघराचा अंधार लागे, आणि माझ्या लग्नानंतर तो वाढतच चालला होता. ‘‘रंग अंधारातच कळतो,’’ असं ते म्हणायचे आणि विषय संपायचा. त्यांच्या हातच्या विळ्याला यवतपर्यंत गिऱ्हाईक होतं, त्यामुळं वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

कामाची वाटणी ठरलेली होती. मामंजी ऐरणीवर, सांडशी आणि हातोडा त्यांच्याकडं. घण माझ्याकडं. आमच्यात बायका घण मारतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. भात्यावर सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून त्या भात्यावर बसलेल्या, ती जागा त्यांनी कुणाला दिली नाही. आमच्या घरधन्यांना रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशाची, म्हणजे हरकाम्या मदतनिसाची, नोकरी लागली होती. लोखंडाचं काम ते फक्त संध्याकाळी आणि फक्त तोंडानं करत.

आणि कोळसा तर विचारूच नका. शिरूरला बाभळीचा लाकडी कोळसा असायचा, सुवासिक म्हणता आला नाही तरी सभ्य. दौंडला इंजिनातून पडलेला अर्धवट जळका दगडी कोळसा बायका वेचून विकत, तो आमच्या भट्टीत यायचा. पेटताना तो पिवळा धूर सोडायचा आणि सडक्या अंड्यासारखा वास. पेटल्यावर धूर दिसायचा नाही, पण डोकं ठणकायला लागायचं. मला उभ्यानं घण मारायचा असल्यामुळं मी मधून मधून पाणी प्यायच्या निमित्तानं दाराशी जायची. आत्याबाई मात्र आतल्या कोपऱ्यात, भात्याशी, भिंतीला पाठ लावून. त्या कोपऱ्यात गेलेली हवा परत यायचं नाव घेत नसे.

त्यांना खोकला होता. मी आले तेव्हा सकाळी असायचा. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तो दिवसभराचा झाला. बोलता बोलता त्या थांबत, पदर तोंडाशी धरत, आणि ओठ काळेनिळे पडत. मला भीती वाटायची. ही बाई या खोलीत एक दिवस मरेल, असं मला स्पष्ट वाटायचं, आणि घरात हे वाटणारी मी एकटीच होते. मामंजी म्हणत, भट्टीशी बसलं की खोकला येणारच, त्यात नवल ते काय. मी खिडकीची गोष्ट काढली. मामंजींनी ‘‘रंग’’ एवढंच म्हटलं. पण खरा तडाखा दिला तो आत्याबाईंनी. माहेरचं कौतुक माहेरी ठेव, तिकडं चिंचा लागतात, इथं विळे लागतात, असं त्या म्हणाल्या आणि म्हणता म्हणता त्यांना खोकल्याची उबळ आली. जिच्यासाठी भांडायचं तीच अंगावर येते म्हटल्यावर मी हात टेकले. मनात म्हटलं, मरा मग दोघंही अंधारात. असं माझ्या मनात यायचं, आणि मग संध्याकाळी मीच त्यांना हळद घालून दूध द्यायची.

घरधन्यांनी हा प्रश्न शास्त्रोक्त सोडवायचं ठरवलं. शेडमध्ये ते इंजिनांची नुसती राख ओढत, पण घरी आल्यावर त्यांच्या बोलण्यावरून इंजिन त्यांनीच बनवलं असावं असं वाटायचं. धुराला धुराडं हवं, खिडकी नको, म्हणजे अंधारही राहील आणि धूरही जाईल, असा त्यांचा सिद्धांत. यावर मामंजीही राजी झाले. रस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं मिळवली, तळ कापले, एकावर एक जोडून पत्र्यातून वर काढली. खाली भट्टीवर पत्र्याचं टोपरं बसवलं. काम छान झालं होतं, हे मी कबूल करते. फक्त पिंपं आतून खरवडायची राहिली होती.

शुक्रवार होता. पूर्वेला अंगणापलीकडं रेल्वेतून निवृत्त झालेले एक इंजिन ड्रायव्हर राहत, सगळी आळी त्यांना चाचा म्हणायची. नमाजाला जायचे त्यांचे पांढरेशुभ्र कपडे दोरीवर वाळत होते. भट्टी पेटली, पिंपं तापली, आत चिकटलेलं डांबर वितळून पेटलं आणि दौंडच्या कुठल्याही इंजिनानं कधी सोडला नसेल असा काळाकुट्ट लोट आमच्या घरावरून निघाला. वारा पश्चिमेचा. चाचा बाहेर आले, कपड्यांकडं पाहिलं, धुराड्याकडं पाहिलं, आणि घरधन्यांना विचारलं की गाडी कुठवर नेणार आहात. मी ते कपडे तीनदा धुतले, तरी सदऱ्याच्या पाठीवर ठिपके राहिलेच. पण चाचा मनाचे मोठे, ते तसाच घालून गेले.

डांबर जळून संपल्यावर धुराडं खरोखर ओढायला लागलं. पण दार उघडं असेल तरच. थंडी वाढली, दार लावलं, की धूर धुराड्यापर्यंत जायचा, विचार बदलायचा आणि आमच्याकडं परत यायचा. घरधन्यांनी आणखी एक पिंप चढवलं. काही फरक नाही. आणखी एक चढवायच्या बेतात होते, तेव्हा चाचा स्वतःच आत आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि खोकत बाहेर गेले. दम खाऊन त्यांनी सांगितलं की इंजिनाला वर धुराडं असतं तसा खाली हवेचा दरवाजाही असतो. तो बंद ठेवला तर वर कितीही उंच चढवा, जाळ गुदमरतोच. तुम्ही जायला वाट केली आहे, यायला केलेली नाही. आणि दिसणाऱ्या धुराला भिऊ नका, पेटलेल्या कोळशाचा जो वायू दिसत नाही, त्याला भ्या, तो माणसाला झोप आणतो आणि मग उठू देत नाही, असंही ते म्हणाले. घरधन्यांनी मान डोलावली आणि हे मी सांगणारच होतो असं म्हणाले.

रविवारी त्यांनी भिंतीला जमिनीलगत भोक पाडलं. पूर्वेच्या भिंतीला पाडलं, कारण तिथल्या विटा भुसभुशीत होत्या. वारा आला. जाळ सरळ वर जाऊ लागला, धूर टोपऱ्याबाहेर येईना, माझं डोकं संध्याकाळपर्यंत दुखलं नाही. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य वर आला आणि त्याच भोकातून उन्हाचा एक जाड पट्टा सरळ आत घुसून नेमका भट्टीच्या तोंडावर पडला. आत्याबाईंनी भाता थांबवला. उठल्या, कोपऱ्यातलं गोणपाट घेतलं, आणि भोकात कोंबून पुन्हा येऊन बसल्या. मी म्हटलं, अहो, थोडा वेळ तरी. त्या म्हणाल्या, उन्हात रंग दिसत नाही. मी म्हटलं, रंग मामंजींना बघायचा आहे, तुम्हाला कशाला पाहिजे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि मामंजीही नाहीत. ही दोघं अशी एकाच वेळी गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर गोणपाट तिथंच राहिलं. आणि थंडीच्या एका सकाळी, दार लावलेलं, जाळ छान पेटलेला, भाता एकदम थांबला. मामंजींनी सांडशीनं लोखंड बाहेर काढून ऐरणीवर ठेवलं. मी घण उचलला, पण ते लोखंड अजून नीट लालही नव्हतं. वळून पाहिलं तर आत्याबाई भात्यावर कलंडल्या होत्या.

मी त्यांना काखेत धरून दारातून ओढत बाहेर काढलं. मामंजी मागं भिंतीला धरून येत होते. चाचा अंगण ओलांडून धावत आले. गर्दी हटवली, लुगडं छातीशी सैल करायला मला सांगितलं, पाणी पाजू नका म्हणाले, वारा घेऊ द्या. बऱ्याच वेळानं आत्याबाईंनी डोळे उघडले आणि उलटी केली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कोळशाचा वायू चढला होता, थोडक्यात वाचल्या. छाती आधीच खराब आहे. त्या खोलीत यांना पुन्हा बसवायचं असेल तर मला बोलावू नका, भटजींना बोलवा. डॉक्टर तसे फटकळच होते.

आत्याबाई अंथरुणाला खिळल्या तरी काम थांबणार नव्हतं. यवतकडच्या एका शेतकऱ्याची कुऱ्हाड द्यायची होती, तिला धार भरायची होती. मी म्हटलं, मी भात्यावर बसते, घण लागेल तेव्हा उठेन. दार सताड उघडं ठेवलं, गोणपाट काढून फेकून दिलं. मामंजींनी कुऱ्हाड जाळात सरकवली आणि मी भाता ओढू लागले. ओढत राहिले. लोखंड लाल झालं, नारिंगी झालं. आता काढतील, आता काढतील म्हणून मी त्यांच्याकडं बघत होते. ते जाळाकडं तोंड करून अगदी शांत उभे होते. पिवळं झालं. मग पांढरं, आणि जाळातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. लोखंड जळत होतं.

‘‘भाता थांबव की,’’ मामंजी ओरडले.

मी थांबवला. कुऱ्हाडीची धार जळून गेली होती. मला संताप आला. आयुष्य या धंद्यात गेलेला माणूस, आणि भाता थांबवायला मला सांगतो. मी विचारलं, ‘‘कवा थांबवायचा असतो?’’

मामंजींनी जळकी कुऱ्हाड ऐरणीवर ठेवली. सांडशीच्या टोकानं चाचपडत तिची कड शोधली.

‘‘ती थांबवती तवा,’’ ते म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग सगळं कळलं. आगीकडं बघून बघून त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. जाळ दिसतो, त्यातलं लोखंड दिसत नाही, असं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. दोन्ही डोळ्यांनी. लोखंड त्यांनी कितीतरी दिवसांत रंग बघून बाहेर काढलंच नव्हतं. कोपऱ्यात बसून आत्याबाई जाळात बघत, रंग आला की भाता थांबवत, आणि भाता थांबला की मामंजी सांडशी ओढत. हे दोघं एकमेकांशी या विषयावर कधी बोलले असतील असंही मला वाटत नाही. मामंजींच्या नजरेची यवतपर्यंत जी ख्याती होती ती एक बाई खोकत खोकत चालवत होती. म्हणून तिला कोपरा सोडायचा नव्हता, आणि म्हणून खिडकी नको होती. खिडकी आली असती तर विळे घ्यायला आलेल्या लोकांना दिसलं असतं की लोहार ऐरणीवर हात फिरवून लोखंड शोधतो आहे. असल्या लोहाराकडं दुसऱ्यांदा कोण येतं?

मला त्यांचा राग आला, दोघांचाही. माणसाच्या जिवापेक्षा नाव मोठं झालं होतं यांना. आणि घरात जाऊन आत्याबाईंना बघितलं तेव्हा मी रडले. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती कुऱ्हाडीची. मी म्हटलं, जळाली. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

आता खिडकी निघणार की नाही हा प्रश्नच नव्हता, पण निघणार कुठं? पूर्वेचं ऊन आम्ही भोगलंच होतं. पश्चिमेला घर चिकटलेलं. दक्षिणेला दार होतंच. राहिली उत्तर. उत्तरेची खिडकी म्हणजे समोरासमोर वारा, ऊन जवळजवळ वर्षभर आत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा. शेडमध्ये कुणालाही विचारलं असतं तर त्यानंही हीच सांगितली असती, असं घरधनी म्हणाले. अडचण एकच होती. उत्तरेला कारखान्याची सावली पडायची, तिथं कडुनिंब होता, आणि सगळं गिऱ्हाईक काम होईपर्यंत तिथंच बसायचं. खिडकी काढली की ते सगळे ऐरणीच्या पुढ्यात. मी भीत भीत म्हटलं, छोटी काढू, उंचावर काढू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकण्याच्या आवाजानं मी बाहेर आले. मामंजी उत्तरेच्या भिंतीशी पहार घेऊन उभे होते. डाव्या हातानं विटेचा सांधा चाचपायचा, पहार लावायची, मारायची. घरधनी मदतीला गेले तर त्यांना हटकलं. बुजवलेल्या फटीतला चुना पहिल्यांदा पडला, मग विटा. चांगली बैलगाडीचं चाक जाईल एवढी खिडकी काढली. तेवढीची गरज नव्हती. चाचांनी येऊन तिला वरून एक पत्र्याचा झाप करायला सांगितला, पावसासाठी, आणि खाली भट्टीवरचं टोपरं अजून वीतभर उतरवायला सांगितलं, म्हणजे खोलीत उजेड राहील आणि जाळावर सावली. हे त्यांनी आधीच का सांगितलं नाही असं मी विचारलं. तुम्हाला अंधार हवा होता, मला काय माहीत कशासाठी, असं ते म्हणाले.

यवतकडचा शेतकरी कुऱ्हाड न्यायला आला तेव्हा ती तयार नव्हती. कडुनिंबाखाली आणखी चारपाच जण होते. मामंजींनी त्याला खिडकीतून सांगितलं की कुऱ्हाड माझ्या हातनं जळली, नवं पोलाद भरून देतो, समोर बसा. माझ्या हातनं, असंच म्हणाले. मी भात्यावर बसले. लोक खिडकीत कोपरं टेकून बघायला लागले. मामंजींनी ऐरणीवर हात फिरवला, सांडशी शोधली, कुऱ्हाड शोधली. कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोललं. शेतकऱ्यानं आपल्या कुऱ्हाडीकडं पाहिलं आणि मग मामंजींच्या डोळ्यांकडं.

तेवढ्यात आत्याबाई घरातून आल्या. डॉक्टरांनी आत बसायचं नाही म्हटलं होतं, म्हणून त्या आत आल्याच नाहीत. बाहेरून वळसा घालून कडुनिंबाखाली गेल्या, पुरुषांना बाजूला व्हायला लावलं आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेरच्या माणसांपुढं त्या कधी बोलत नसत. मामंजींना त्यांचा खोकला ऐकू आला आणि त्यांनी मान तिकडं वळवली.

‘‘रंग तू सांग,’’ मामंजी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आत्याबाईंनी पदर कपाळावर ओढला आणि टोपऱ्याखाली बघत राहिल्या. मी भाता ओढत होते. लाल झालं. मामंजींचा हात सांडशीवर हलला.

‘‘थांबा,’’ त्या म्हणाल्या.

आणि मामंजी थांबले. कडुनिंबाखालची सगळी माणसं थांबली. पुढची बारा वर्षं दौंडच्या आसपासच्या गावांत कुणाला विळा-कुऱ्हाड करून घ्यायची झाली की लोक आत्याबाईंनाच विचारायचे, बाई, आज बसणार का हो खिडकीशी?